कसल्या परीक्षेचं कोचिंग

बाबांना फोनवर सांगितलं, कोचिंग लावलंय,
तर म्हणाले, या वयात? कसल्या परीक्षेचं?
मी म्हटलं, पाकिटं उघडण्याच्या.

स्वान्सीत, गालिच्यांच्या दुकानावर एक खोली,
जिना चढताना नव्या लोकरीचा वास,
आणि वर ग्लेनिस,
जी आधी तीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं लावायची.
पहिल्या दिवशी तिनं विचारलं,
लहानपणी तुला काय काय म्हणायचे?
मी यादी दिली. धांदरट. वेंधळी. विसरभोळी.
लक्ष कुठंय तुझं.
हुशार आहे, पण.
ती 'पण'वर थांबली.
अर्थ विचारला, स्पेलिंग विचारलं,
वहीत लिहून घेतलं आणि भोवती चौकोन काढला.

डॉक्टरांनी चाळिशीनंतर चार अक्षरं दिली होती,
एडीएचडी, आणि सकाळची एक गोळी.
गोळीनं डोक्यातला बाजार जरा खाली बसला,
कुठली पाटी आधी उतरवायची
हे गोळीला कुठं ठाऊक.

बाबांची आवडती म्हण मी तिला समजावून सांगितली,
एक ना धड, भाराभर चिंध्या.
दुसरी कोणी म्हणाली असती, मग गोधडी शिव.
ग्लेनिस म्हणाली,
आज यातली कुठली एक हातात घेशील?
आणि किती वाजता ते नको सांगूस.
कशानंतर, ते सांग.

कशानंतर.
मला वेळ कधी दिसलीच नव्हती.
दहा मिनिटं आणि दोन तास
माझ्याकडं एकाच पिशवीत यायचे.
पण चहानंतर हे दिसतं. कप उपडा घातला
की मीटरचं रीडिंग.
शर्विलची बस कोपऱ्यावर वळली
की त्याच्या सहलीचा फॉर्म, उभ्या उभ्या, ओट्यावरच.

मंगळवारी ती फोन लावून नुसती बसते.
तिकडं विणकामाच्या सुया वाजतात,
इकडं मी तपकिरी पाकिटं फाडते.
पहिल्या मंगळवारी नऊ निघाली.
तीन कौन्सिल टॅक्सची, त्यातली दोन एकच,
आणि एकात चौदा पौंडांचा चेक, माझ्याच नावाचा,
मुदत संपलेला.
मी हसले, मग रडले.
सुया थांबल्या नाहीत.

सगळं जमतं असं नाही.
रंगीत चिठ्ठ्या आठवड्यात भिंतीच्याच होऊन गेल्या,
दिसेनाशा.
किल्ल्या पुन्हा फ्रिजमध्ये सापडल्या,
दह्याशेजारी, गारठलेल्या.
ग्लेनिस विचारते, काय झालं?
असं का केलंस, हे तिनं एकदाही विचारलेलं नाही.
या दोन प्रश्नांमधलं अंतर कापायला
मला बेचाळीस वर्षं लागली.

परवा धावत गेले, एका वेळी दोन पायऱ्या,
चारला दोन मिनिटं कमी.
दार बंद.
खालून गालिच्यांचा ह्यू ओरडला, आज बुधवार गं!
माझी भेट गुरुवारी.

पूर्वी रात्रभर स्वतःला सोलत बसले असते.
समुद्रावर गेले. ओहोटी पार लांब गेलेली,
ओल्या वाळूवर एक म्हातारा कुत्र्याला हाका मारत होता
आणि कुत्रं तिसऱ्याच कशामागं.
बाकावर बसून ग्लेनिसला लिहिलं,
एक दिवस आधी आले, पण वेळेवर.
पाठवल्यावर तो 'पण' पुन्हा वाचला.
यावेळी तो माझ्या बाजूनं बोलत होता.

तिथंच बाबांचा फोन.
काय गं, लागला का निकाल?
म्हटलं, पेपर चालू आहे अजून.
थांब हं, म्हणाले, चष्मा कुठं ठेवला बघतो,
आणि अगं, आलोच, दूध
आणि फोन तसाच, कुठंतरी उपडा.
पातेल्याचा आवाज. फडका शोधण्याचा आवाज.
बराच वेळ मी ऐकत राहिले.
परत आले तेव्हा धापा टाकत होते,
कुणी रागावेल अशा आवाजात म्हणाले, हॅलो?

मी विचारलं, काय झालं, बाबा?